मुठीला भोक हवं

हॅलो?… हॅलो, हां, बोल गं… हो, दुकानातच आहे. हत्यारांच्या… ऐकू येतंय ना? बाहेर कोणीतरी पत्रा कापत बसलंय. थांब, आत सरकते जरा.

हां. बोल आता.

…नाही, अजून नाही घेतला. काउंटरवर ओळीनं मांडून ठेवलेत या काकांनी. तुझ्या नवऱ्याच्या फर्माइशी काय थोड्या आहेत? गंजायला नको, मूठ घसरायला नको, डाव्या हातानं उघडायला हवा, शिवाय…

काय?

घेऊ नको म्हणजे?

अगं, सकाळी तूच निरोप दिलास ना त्याचा? 'ताईला सांग, खिशातला चाकू आणायला, टिकाऊ बघून.' मी अर्धी रजा टाकून आलेय… हो, हो… मग आता काय बिनसलं?

…तू कुठून बोलतेयस? हा नळाचा आवाज कसला?… बाथरूममधून. नळ सोडून… अच्छा. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

बरं. बोल. रडत रडत बोललीस तरी चालेल, पण बोल.

हं… हं…

अहो काका, एक मिनिट हं, भावजयीचा फोन आहे. राहू देत ते सगळे, आवरू नका.

हां, सांग… म्हणजे तुला वाटतंय, तो त्या चाकूनं जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. हेच ना?… मग तसं म्हण ना, बाई. आडवळणं कशाला? नणंद असले तरी आधी त्याची थोरली बहीण आहे मी. हा विचार मला शिवला नसेल असं वाटतं तुला?

…माहितीये गं. बघतेय ना मी पण. उभा जन्म नाटकगृहाच्या त्या उंच माळ्यावर काढला, पडद्यांच्या दोऱ्या ओढत, बांधत. आम्हाला खालून बघतानाच घेरी यायची. आणि एक दिवस खाली आला तो असा. उजव्या हातात चमचा धरवत नाही. असा माणूस भिंतीकडे तोंड करून पडणार नाही तर काय नाचणार?

काय म्हणालीस?… परत सांग. नळ बंद कर जरा.

…

हात सुटला, की सोडला.

…असं कोण म्हणालं तुला?… कोणीच नाही. तुझं तुलाच वाटतंय. आणि हे मनात घेऊन इतके दिवस एकटी बसलीस? अगं वेडे…

नाही, रागावले नाही. मला कसं माहीत असणार? वर तो एकटाच होता.

आणि घरातल्या सुऱ्या?… लपवल्यास! कुठे?… पिठाच्या डब्यात. अगं, म्हणजे मी मागे आले तेव्हा ते अख्खे उकडलेले बटाटे, हातानं मोडलेल्या शेंगा, फाडलेला पाव… आणि कांदा कशातच नाही. मला वाटलं, बाईसाहेबांना स्वयंपाकाचा कंटाळा आलाय. मनातल्या मनात चांगली नावं ठेवली तुला… हसतेस काय? खरंच ठेवली.

ऐक ना… अगं, ऐक ना माझं. त्यानं चाकू कसा मागितला ते शब्दाशब्दानं सांग मला. सकाळी तू घाईत सांगितलंस.

…टिकाऊ. हां… परत परत धार लावता येईल असं पातं… बरं… आणि मुठीला भोक हवं. दोरी ओवायला… कशाला ते विचारलंस का? नाही ना? मग मी सांगते. मी एकदा त्याचा डबा घेऊन गेले होते तिथे. वर चढणाऱ्याची एकेक वस्तू दोरीनं कमरेला बांधलेली असते. चाकू, पाना, बॅटरी, सगळं. बांधल्याशिवाय तिथला मिस्त्री शिडीला पाय लावू देत नाही. हातातून निसटलं तर लोंबकळत राहिलं पाहिजे, पडता कामा नये. कारण खाली माणसं असतात. कोणाच्या डोक्यात पडेल.

आता तूच सांग. ज्याला जायचंय, तो खालच्यांची डोकी कशाला सांभाळेल? आणि टिकाऊ! ज्याला उद्याचा दिवसच नकोय, तो टिकाऊ मागतो का?

…

हं… हं… तेही खरं आहे तुझं. माणूस सवयीनं पण बोलतो… नाही, बरोबर आहे. शितावरून भाताची परीक्षा करायला निघालेय मी, आणि शीत कच्चं निघालं तर?

मग एकच उपाय आहे. त्यालाच विचारू… मी विचारते. दे फोन त्याला… हो, सरळ. तोंडावर… अगं, विचारल्यानं कोणाच्या मनात नसलेलं येत नाही. आणि असलेलं बाहेर तरी पडेल. ऊठ. तोंड धू आणि दे. आणि ते स्पीकरवर टाक, त्याला कानाशी धरायला त्रास होतो.

काका, तोवर हा लाकडी मुठीचा ठेवून द्या. देखणा आहे, पण घामानं फुगणार. आणि हा पण नको, चमचा, पेचकस, कात्री सगळं पोटात घेतलेला. एक ना धड, भाराभर चिंध्या. तो काळा दाखवा… अंगठ्यानं ढकलायचं बोंड दोन्ही बाजूंना आहे ना? एकाच हातानं काम करायचंय, तेही डाव्या. थांबा, मी करून बघते… हं, उघडला. पण खटका? काम करताना बोटांवर मिटला तर?… असं होय. मागची कळ दाबल्याशिवाय मिटत नाही. आणि भोक?… हे एवढंसं? यातून दोरी जाणार कशी, सुतळी पण…

हॅलो?

…मी. तुझी ताई, आणखी कोण? कसा आहेस ते विचारत नाही, 'बरा आहे' म्हणशील… चाकू बघतेय ना. सांगते. आधी दुसरं. मी एक विचारणार आहे, आणि तू फोन ठेवायचा नाहीस… नाही. आत्ताच.

हा चाकू तुला जीव द्यायला हवाय का?

…

हॅलो?… आहेस ना?

…थांबलेय मी. घाई नाही मला.

…

बरं. नाही. ऐकलं मी.

आणि त्या दिवशी? हात सुटला, का सोडलास?

…सुटला. घामानं… हं… दोरी ओली होती… हं.

आणि नंतर? अंथरुणात पडल्यापडल्या?… बोल रे राजा… हं. वाटलं होतं… हं… आणि आता?… रात्री कधीकधी.

…रड. रड, काही होत नाही… मी नाही रडत. इथे दुकानात लोक आहेत, मी कशाला रडू?

हे बघ, उद्या डॉक्टरांकडे जायचं. हाडांच्या नाही, मनाच्या. मी येते बरोबर. हे जे मला सांगितलंस ते तिथे सांगायचं, आहे तस्सं… लाज कसली? हाताला पट्टी बांधून घेताना लाजला होतास का?… येणार ना?… मान हलवतोयस ना? फोनवर मान दिसत नाही मला. तोंडानं म्हण… हां. शाब्बास.

आता सांग, चाकू कशाला?… मिस्त्री घरी आला होता? कधी?… ती बाजारात गेली होती तेव्हा. बरं… खालचं काम देतो म्हणाला… बसून. दोऱ्यांची टोकं कापायची, चिकटपट्ट्या, पडद्यांचे काठ… अरे, मग हे घरात का नाही सांगितलंस?… जमलं नाही तर? नाही जमलं तर तेही तिला कळायला नको? तिच्या जिवाला काय घोर लागलाय याची कल्पना आहे का तुला? तिनं घरातल्या…

काय? सुऱ्यांचं माहीत होतं तुला?… बटाट्यांवरून ओळखलंस. आणि गप्प राहून खात बसलास! धन्य आहात रे दोघं. ती लपवतेय आणि हा गिळतोय. एकाच्याही तोंडून शब्द फुटेल तर शपथ.

…हो, हो, कळलं. चाकूची भीती तिच्या मनातून जावी म्हणून मागितलास. पण बाबा रे, न बोलता चाकू मागितलास तर ती जाईल की वाढेल?… हां. आता सुचतंय.

एक राहिलं. काम जर खालचं, तर मग भोक कशाला?

…

…म्हणजे कधीतरी वर.

…नाही रे, हसत नाहीये. नाही चढता आलं तर नाही. पण भोक असू दे. असू दे मुठीला.

आणि रात्री चाकू कुठे राहील?… तिच्याकडे. हे तू म्हणालास हं, मी नाही… सकाळी तीच कमरेला बांधून देईल… का म्हणजे?… अरे हो, खरंच की. एका हातानं गाठ कशी बसणार.

दे तिला.

…ऐकलंस ना सगळं?… हो. वाटलं होतं म्हणाला. ऐकलं मी पण… पण आता ते तिघांना माहीत आहे. एकट्याच्या उशाखाली नाहीये. उद्या मी येते, तिघं मिळून जाऊ डॉक्टरांकडे.

आता एक कर. डब्यातली एक सुरी काढ. एकच. बाकीच्या राहू देत पिठात, डॉक्टर काय म्हणतात बघू… आणि त्याच्यासमोर काढ. चोरून नको. बास झाली चोराचोरी. आज कांदा घाल भाजीत.

काका, हाच द्या. पण याच्याहून मोठ्या भोकाचा आहे का?… आहे? मग तो. धारेची हमी देताय ना? नाहीतर परत आणून देईन, सांगून ठेवते. आणि दोरी पण द्या, बारीक, पण पक्की. हातभर… दोन हात द्या.

हॅलो, हां, आहेस ना? ऐक. दोरी आणतेय. गाठ तुला बांधायचीये… साधी नाही चालायची. त्या माळ्यावरच्यांची एक वेगळीच असते, कितीही ओढ बसली तरी सुटत नाही, आणि आपण सोडू म्हटलं की सुटते… तुला कुठून येणार? तोच शिकवेल.

…एका हातानं कसा शिकवणार?

अगं, तेच तर! हातानं नाहीच दाखवता येणार त्याला. सांगावं लागेल. हे टोक इकडून घे, ते तिकडून काढ, आता ओढ, नको, इतकं नको… सगळं तोंडानं. तुझ्याकडे तोंड करून. भिंतीला सांगून गाठ बसत नाही.

…हो.

…हो गं, हो. निघतेच मी. आणि हे बघ… एक सांगून ठेवते.

पहिल्याच दिवशी शिकून मोकळी होऊ नकोस.

ठेवते.