नवव्या टिचकीनंतर

क्षमा : ‘कणावरून नजर हलवू नकोस, एकदा निसटला की परत सापडत नाही,’ असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं संस्थेतल्या डॉक्टर रघुपतींनी. म्हणून सूक्ष्मदर्शकावरचा डोळा वर्षभर काढलाच नाही, आत्या. तू इकडं काय करतेस, ते पाहिलंच नाही मी.

(बसवनगुडी, १९५८. श्रावणातली सकाळ. पडवीत टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी नुकतं चिकटवलेलं पाकीट.)

गोदूबाई : मी काय करणार? जप. संस्थेचं घड्याळ घरी आणता येत नाही, तुझ्या नामाचा ठेका अगदी सेकंदाचा आहे, असं तूच म्हणालीस. दर बारा मण्यांना पाटावर टिचकी मार म्हणालीस. मारली.

क्षमा : आणि टिचकी पडली, की कण पट्टीच्या कितव्या रेघेवर आला ते मी लिहायची. आत्ता पाकीट चिकटवताना सहज मान वर केली. मेरूमण्यापाशी तू थांबलीस.

गोदूबाई : थांबणारच. मेरू ओलांडायचा नसतो बाळे. माळ डोळ्यांना लावायची, फिरवायची, मग पुढचं नाम. स्वल्प वेळ जातो.

क्षमा : किती?

गोदूबाई : ते मी कसं सांगू? तेवढाच वेळ तर मी मोजत नसते.

त्रिविक्रम : क्षमा, दे ते पाकीट. कचेरीला जाताना पोस्टात टाकतो. बहिणीचा निबंध विलायतेला निघालाय म्हणून कालच सगळ्यांना सांगून बसलोय.

क्षमा : अण्णा, आधी तुझं घड्याळ बघ. आत्या, फिरव माळ.

त्रिविक्रम : ...पाच सेकंद. सरी? झालं ना? आता हे कसलं नवं व्रत?

क्षमा : पाणवेलीच्या पानातल्या पेशीत माल कसा हिंडतो, त्याचं गणित मांडलंय ना मी? नुसता शाईसारखा पसरला, तर दुप्पट अंतराला चौपट वेळ लागेल. म्हणून आतला रस वाहतो, कणांना घेऊन फिरतो. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. माझं म्हणून त्यात एकच होतं : दर नवव्या टिचकीनंतर कण उडी घेतो.

त्रिविक्रम : मग?

क्षमा : बारा नवे एकशे आठ. उडी नाहीच ती. आत्या थांबायची, कण चालत राहायचा.

त्रिविक्रम : अगं बाई! आत्याचा मेरू थेट पानात शिरला म्हणायचा! ...जाऊ दे. विलायतेत कुणाला कळतंय? तिकडं कुणाकडे आत्या आहे अशी?

क्षमा : तपासलं होतं रे मी. साठ नामं, बरोब्बर साठ सेकंद. एकशे आठपर्यंत जायचं सुचलंच नाही.

गोदूबाई : माझ्यामुळं तुझं वर्ष गेलं म्हणायचं.

क्षमा : असं बोलू नकोस.

गोदूबाई : तू त्या नळीतून दाखवलंस ना, हिरवे हिरवे कण भिंतीच्या कडेनं जातायत, कोपऱ्यावर वळतायत. परवा स्वप्नात मी त्यांच्यातलीच एक झाले होते. हातात नैवेद्याची वाटी. पाय उचलावा लागत नव्हता, पाणीच नेत होतं. भिंती अशा पाचूच्या, आणि पलीकडून ऊन. मी विचारलं, कुणासाठी नेतेय? कुणी बोललं नाही. पण भीती नव्हती बघ.

क्षमा : ...आणि उडी?

गोदूबाई : उडीबिडी नाही गं. संथ. एकसारखं संथ.

त्रिविक्रम : स्वप्नाचं काय घेऊन बसलात दोघी! महिनाअखेर हिची पाठ्यवृत्ती संपतेय. हा निबंध छापून आला तरच पुढची. उडी काढली तर उरतं काय?

क्षमा : साधं वाहणं उरतं.

त्रिविक्रम : त्याला कोण देणार पैसे?

क्षमा : ठाऊक नाही. रघुपती सरांनी माझे आकडे तपासले नाहीत, अण्णा. सही करण्याआधी एवढंच विचारलं, ‘नंतर काही खटकलं, तर स्वतः येऊन सांगशील?’ मी हो म्हटलं. मग त्यांनी टोपण काढलं पेनचं.

गोदूबाई : त्रिविक्रमा, तू हो पुढं. कचेरी चुकेल.

त्रिविक्रम : निदान संस्थेच्या फाटकापर्यंत सायकलवर सोडू का, क्षमा?

क्षमा : नको, बसनं जाईन. सरांपुढचं पहिलं वाक्य जुळवायला वेळ हवाय.

गोदूबाई : दोन घास तरी खाऊन जा.

क्षमा : आल्यावर. तू उठू नको, आत्या. दार मी ओढून घेते.