एक घड्याळ, एकच खुर्ची

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही तिथेच होतात ना?" होतो ना! सव्वीस वर्षं त्या संग्रहालयाच्या कोठारात काढली आहेत मी. पण तुम्हाला सांगतो, चूक माझी नाही, खरं तर चूक कुणाचीच नाही, आणि हीच तर पंचाईत आहे.

झालं काय, आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की सगळ्या वस्तूंची माहिती इंटरनेटवर टाकायची, आणि तीही अशी की यंत्राला तिचा अर्थ कळला पाहिजे. सव्वीस वर्षांत मला जे कळलं नाही ते यंत्राला कळणार असेल, तर म्हटलं कळू दे बापडं. त्यासाठी दोन माणसं आली. एक व्याख्यावाल्या बाई, त्या यंत्राला शिकवणार की काय म्हणजे काय... कारागीर कुणाला म्हणायचं, वस्तू कशाला म्हणायचं, आणि प्रत्येक वस्तूचा कर्ता एकच. दुसरे नियमवाले, ते सांगणार की अमुक असेल तर तमुक कर... कारागीर जिवंत असेल तर उद्घाटनाच्या समारंभाचं आमंत्रण पाठव, त्याच्यासाठी खुर्ची मांड, नावाची पाटी लाव. दोघांच्या भाषा वेगळ्या, त्या एकत्र करायच्या, आणि मधे कोण? मी, चहाचे कप सरकवत.

बाई शांतपणे म्हणायच्या, "लिहिलेलं नाही, म्हणजे आपल्याला माहीत नाही, एवढंच." नियमवाले टेबलावर बोटं वाजवत, "लिहिलेलं नाही म्हणजे नाही. विषय संपला." मी सहज विचारलं, मागची खिडकी लावली का हो कुणी? हे म्हणाले, "कुणी सांगितलं नाही, म्हणजे लावलेली नाही." बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही." उठून बघायला कोण गेलं असेल?

बरं, यांच्या नियमात ज्याच्या मरणाची नोंद नाही तो जिवंत. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुंभाराला समारंभाचं आमंत्रण गेलं की हो! का? तर तो गेला असं कुणी लिहिलंच नव्हतं.

आता मूळ दुखणं ऐका. संग्रहालयात एक उंच, लंबकाचं घड्याळ आहे. आतलं यंत्र माझ्या सासऱ्यांनी केलेलं, बाहेरची लाकडी पेटी त्यांच्या दुकानासमोरच्या सुतारकाकांनी. आणि 'घड्याळ माझं' यावरून दोघं एकतीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, गल्लीत समोरासमोर आले तर दोघं दोन बाजूंना बघायचे. त्यात आमची ही आठवडाभर बजावत होती, "अहो, बाबा एकोणऐंशीचे आहेत, असे आणखी किती समारंभ बघणार? त्यांचं नाव नीट लागलं नाही ना, तर त्यांना तोंड तुम्ही द्यायचं."

एका जुन्या वहीत कर्ता म्हणून सासरे, दुसरीत सुतारकाका. बाईंनी तर सांगून ठेवलेलं, कर्ता एकच. मग यंत्राने काय काढलं? की ही दोन्ही नावं एकाच माणसाची! का? तर हे दोघे वेगळे आहेत असं कुणी लिहिलंच नव्हतं. नुसते नियमवाले असते तर दोन नावं, दोन माणसं, दोन खुर्च्या. नुसत्या बाई असत्या तर फक्त व्याख्या, खुर्च्या मांडायचा प्रश्नच नव्हता. दोघं एकत्र आले आणि खुर्ची एक, पाटी एक, पाटीवर सासऱ्यांचं नाव, मग 'ऊर्फ', मग सुतारकाकांचं! आमंत्रण मात्र दोन्ही पत्त्यांवर गेलेलं.

आले ना दोघं, कडक इस्त्री करून. पाटी वाचली. सासरे म्हणाले, "जावईबापू, मी हा?" सुतारकाका म्हणाले, "आणि मी हा?" मी म्हटलं, "अहो, त्याचं काय आहे, कुणी लिहिलंच नव्हतं..." तेवढ्यात सासरे वळले, आणि एकतीस वर्षांनी सुतारकाकांशी बोलले, "बघितलीस अक्कल यांची?" काका म्हणाले, "अक्कल सोड, खुर्ची बघ. पाय डुगडुगतोय, बसू नकोस, पडशील." भरून आलं हो मला. मग तासभर दोघांनी उभ्याउभ्या मला झापलं, एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता, आणि ही लांबून हसत होती, पदराने डोळेही पुसत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी 'हे दोघे वेगळे' असं लिहिलं, तर यंत्र अडून बसलं... कर्ता एकच आणि माणसं दोन, मेळ बसेना. साहेब म्हणाले, "पेटी वेगळी वस्तू, घड्याळाच्या आतलं यंत्र वेगळी वस्तू, असं लिहू. दोघांच्या सह्या आणा." गेलो. दोघं एका सुरात म्हणाले, "आमच्या घड्याळाचे तुकडे करायचे नाहीत. पाटी आहे तशीच राहू दे."

तेव्हापासून दोघं रोज सकाळी आमच्याकडे. एक माझी सगळी घड्याळं उघडून बसतो, दुसरा माझी दारं तासतो, आणि दोघंही "जावईबापू, चहा" म्हणून हाक मारतात. शेवटी काल स्वयंपाकघरात हिला म्हटलं, "अगं, माणसाला सासरा एकच असतो ना?"

ही म्हणाली, "असं कुठे लिहिलंय?"

दोन कप घेऊन बाहेर आलो.