बाईंचे शेरे

पीटी सर : आधी तो टॅब खाली ठेवा बघू, बाई. छातीशी धरून बसलात म्हणून गेलेलं परत यायचं नाही.

बाई : खाली ठेवायची भीती वाटते हो. आणखी काही दाबलं गेलं तर?

पीटी सर : आता दाबायचं काय राहिलंय? द्या इकडे. हं, बंद केला. आता पहिल्यापासून सांगा. मधली सुट्टी संपली की मुख्याध्यापक मलाच बोलावणार. सगळ्यांना टॅब शिकवायचं काम माझ्या गळ्यात आहे ना.

बाई : तुमच्या गळ्यात शिट्टीच शोभते, सर. हे लोढणं कशाला घेतलंत?

पीटी सर : मला कोणी विचारलं? म्हणाले, सरांना काय, मैदानावर उभंच राहायचं असतं. आणि धाडलं तीन दिवस प्रशिक्षणाला. ते जाऊ द्या. तिसरा तास, सातवी ब. पुढे?

बाई : पुढे काय, अपूर्णांक दाखवले. काल तुम्ही शिकवलंत तसेच. बोट लावलं की वर्तुळाचे तुकडे होतात ते. मुलं खूश, मीही खूश. म्हटलं, म्हातारपणी का होईना, जमलं आपल्याला. पाच मिनिटं उरली, तेव्हा म्हटलं, शेरे उघडून दोन ओळी टिपून ठेवू.

पीटी सर : कसले शेरे?

बाई : माझे. टाचणवहीच्या मागच्या पानांवर लिहिते मी. कोणाचं कुठे अडतं, कोणाला काय विचारायचं नाही. तुम्हीच म्हणालात, वहीत आहे ते सगळं यात उतरवा. दोन रविवार घालवले त्यात. एका बोटानं.

पीटी सर : मी धड्याच्या टाचणाबद्दल बोलत होतो, बाई.

बाई : माझ्या टाचणात मुलंही असतात.

पीटी सर : बरं. शेरे उघडलेत. मग?

बाई : मग कुठेतरी बोट लागलं आणि यादी आली. एकेचाळीस नावं, प्रत्येकापुढे रिकामा चौकोन.

पीटी सर : कोणाकोणाला पाठवायचं, त्याची यादी ती.

बाई : ते आता कळतंय. एकतीस वर्षं, सर, नावापुढे चौकोन दिसला की मी एकच गोष्ट करत आलेय.

पीटी सर : हजेरी?

बाई : हजेरी! सकाळी वहीत घेतलेली, म्हटलं यात राहिली असेल. आणि तीही मोठ्यानं. एक? हजर बाई. केली खूण. दोन? हजर बाई. केली खूण. एकेकाला हाक मारून, सर, एकेकाला! दोघं आजारी होती तेवढी सुटली.

पीटी सर : आणि खालचं हिरवं बटण?

बाई : हजेरी झाली की खाली सही नाही का करत आपण?

पीटी सर : (तोंडावर रुमाल धरतात.)

बाई : हसा, हसा. हसू येतंय ते दिसतंय मला.

पीटी सर : नाही हो. म्हणजे, आलं थोडं. चूक तुमची नाहीच ही. मी बटणं दाखवली आणि निघून गेलो. नवा खेळ शिकवताना आधी फाऊल कशाला म्हणतात ते सांगायचं असतं. तेच विसरलो.

बाई : एकोणचाळीस टॅब एकदम वाजले. सगळ्यांचे शेरे सगळ्यांकडे गेले. एकही पोर हसलं नाही हो. हसली असती तर रागावले तरी असते. सगळ्यांनी आधी आपापलं वाचलं आणि मग चौदाचं. चौदा नंबरपुढे काय लिहिलंय, माहीत आहे? 'आई घर सोडून गेली आहे. डबा नसतो. आपल्यातला द्यावा, पण काहीतरी काम सांगून, म्हणजे त्याला लागणार नाही.' चार महिने त्याच्याकडून फळा पुसून घेतला मी, डबा देण्यासाठी. आता त्याला कळलं, फळा का पुसायचा ते.

पीटी सर : मी पाहिलं त्याला आत्ता. बाकावर त्याच्यापुढे तीन डबे उघडे होते.

बाई : खात होता?

पीटी सर : नाही.

बाई : कसा खाईल? मीच त्याच्या घासात खडा टाकला. तो अर्ज वाचा टेबलावरचा. सातवी ब दुसऱ्या कोणाला तरी द्या, मला ग्रंथालय द्या, असं लिहिलंय. पुस्तकांविषयी काहीही लिहिलं तरी त्यांना लाज वाटत नाही.

पीटी सर : अर्ज राहू द्या. मैदानावर पोरगं पडलं की मी काय करतो? आधी त्याच्याकडे धावतो. माझं चुकलं म्हणून मीच कपाळ धरून बसलो तर त्याला उचलायचं कोणी?

बाई : तुम्हाला बोलायला सोपं आहे. तोंड मला दाखवायचंय. या घंटेनंतर पुन्हा तोच वर्ग आहे माझा.

पीटी सर : एक सांगू? रागावणार नसाल तर सांगतो. मी सगळ्यांच्या टॅबवरून ते काढून टाकलं. पण काढायच्या आधी वाचलं.

बाई : तुम्हीसुद्धा!

पीटी सर : सगळं वाचलं. नऊ नंबर : 'खोटं बोलतो, पण इतकं गोड की शिक्षा करायला जड जातं.' तो तर मिरवतोय वर्गभर, बाईंनी मला गोड म्हटलं म्हणून. सहा नंबर मात्र चिडलीय. 'हुशारीचा तोरा' हा शब्द तिला झोंबला.

बाई : झोंबणारच. खरा आहे.

पीटी सर : आणि दोन नंबर. 'फक्त धावताना हसतो.' बाई, तो पोरगा वर्षभर माझ्यासमोर धावतोय. घड्याळ लावून पाहतो मी त्याला. मला त्याची वेळ पाठ आहे. हसतो ते नाही दिसलं कधी. लाज वाटली मला माझी.

बाई : उगीच काहीतरी.

पीटी सर : उगीच नाही. पोरांना राग आलाय, लाज वाटलीय, सगळं खरं. पण आपल्याकडे कोणीतरी इतकं बघतं, हेही त्यांना आज कळलंय. चौदाला काय सांगायचं ते तुम्हालाच सुचेल. मला नाही सुचणार. कोण आहे गं दारात? आत ये.

(सातवीतली एक मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी आहे.)

मुलगी : बाईंकडे काम होतं.

बाई : ये. बोल काय बोलायचं ते. आज सगळ्यांना बोलायचा हक्क आहे.

मुलगी : नाही, तसं काही नाही. तुम्ही बिझी असाल तर नंतर येते.

पीटी सर : अगं ये गं. बाई खात नाहीत तुला.

मुलगी : ते सरांनी पुसून टाकलं ना, ते परत बघता येईल का? माझं नीट वाचलं गेलं नाही बहुतेक.

बाई : नंबर किती तुझा?

मुलगी : एकोणतीस.

बाई : सर, बघा बरं. माझ्याकडे असेल ना अजून?

पीटी सर : आहे. थांबा हं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस... एकोणतीस... तीस.

बाई : वाचा की.

पीटी सर : नंबर आहे, बाई. पुढे काही नाही.

मुलगी : तेच. मला वाटलं माझ्याच टॅबमध्ये आलं नाही. मैत्रिणीच्याही टॅबवर बघितलं. तिथंही तसंच.

बाई : उतरवताना राहिलं असेल गं. एका बोटानं लिहिते मी. वहीत असणार. थांब, ही बघ वही. अठ्ठावीस... हे एकोणतीस...

मुलगी : नसलं तरी चालेल, बाई.

बाई : नाही वहीत.

मुलगी : म्हणजे माझं काही चुकत नाही ना? आई म्हणते, बाईंना त्रास दिला नाहीस म्हणजे झालं.

बाई : तू त्रास नाही दिलास गं कधी. चुकलं माझंच. चौदा नंबरचं लिहून चुकले, तुझं न लिहून.

मुलगी : त्याला फळा पुसायला तरी सांगता.

पीटी सर : घंटा झाली, बाई. मुख्याध्यापकांना काय सांगू?

बाई : सांगा, तासावर गेल्या म्हणून. आणि अर्ज राहू द्या इथंच, देऊ नका. चल गं, बरोबरच जाऊ. आजपासून तू पुढे बस. पहिल्या बाकावर, माझ्या टेबलासमोर, म्हणजे मला दिसत राहशील.

मुलगी : मी रोज तिथंच बसते, बाई.