अकरा दिवसांची घुसखोरी

मी खाली सही करणार, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी, रुग्णालयाच्या संगणक विभागात तंत्रज्ञ, राहणार कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

रुग्णालयाच्या तीन इमारतींमधले संगणक एकमेकांना जोडलेले ठेवणे हे माझे काम आहे. कोणती माहिती कोणत्या वाटेने जाईल हे राउटिंगचा प्रोग्राम ठरवतो व त्या वाटा यंत्राच्या कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, नोंदवतो. सात महिन्यांपूर्वी आमचे विभागप्रमुख साहेब यांच्या आदेशावरून मी नवा कर्नल बसवला. प्रोग्राम जुनाच राहिला.

रोज पावणेआठला जनरेटरची चाचणी होते व जोडणी क्षणभर तुटते. जुना कर्नल अशा वेळी वाटा तशाच ठेवत असे. नवा त्या पुसतो, आणि प्रोग्रामला कळवत नाही. प्रोग्राम सगळे आलबेल समजून पडद्यावर हिरवा दिवा दाखवत राहतो.

हे फक्त आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ अण्णा यांना माहीत होते. सात पन्नासला ते प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करत, म्हणजे वाटा नव्याने लिहिल्या जात. आम्ही त्याला अण्णांचा व्यायाम म्हणत असू. प्रोग्रामही बदलावा असे अर्ज त्यांनी तीनदा दिले. तिन्हींवर साहेबांचा शेरा आहे, "चालते आहे ना?"

गेल्या महिन्यात कामांची पाहणी झाली. प्रोग्राम रोज बंद-चालू करण्याची गरज दिसत नाही, असा अहवाल मी दिला. त्यावरून अण्णांना घरी बसवण्यात आले.

त्यानंतर अकरा दिवस ते रोज सकाळी घरून आमच्या यंत्रात शिरले, हे फिर्यादीतील म्हणणे खरे आहे. दर वेळी दोन मिनिटांत बाहेर पडले. त्या अकरा दिवसांत काही बिघडले नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळी नोंदी माझ्या नजरेस आल्या व मी त्यांचा प्रवेश बंद केला.

बाराव्या दिवशी सकाळपासून प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डांत पोहोचेनात. आया कागद घेऊन जिने चढत-उतरत होत्या. दिवा हिरवा होता.

अकराला मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, आधी रडणं थांबव. बंद कर, चालू कर." मी रडत नव्हते, अशी नोंद घ्यावी. पाच मिनिटांत सर्व सुरळीत झाले. ज्याला बिघाड इतक्या चटकन कळतो, त्यानेच तो केला असणार, अशी फिर्याद साहेबांनी संध्याकाळी दिली.

मग बिघडवले कोणी, असे हवालदारांनी विचारले. मी कर्नलचे वागणे पुन्हा समजावले. ते म्हणाले, "बाई, आरोपी म्हणून माणूस लागतो."

तरी सांगते की, कर्नल मी बसवला, अहवाल मी दिला व प्रवेशही मीच बंद केला. अण्णा आज सकाळपासून ठाण्याबाहेर बाकावर आहेत. त्यांना घरी जाऊ द्यावे.

जबाब मला वाचून दाखवला. 'अहवाल मी दिला' हे वाक्य गाळायचे का, असे हवालदारांनी दोनदा विचारले. ते राहू दिले आहे. बाकीही मी सांगितले तसेच उतरले आहे.