नाना तापट नाही

धरणगाव पोलीस ठाणे
दि. ०९/०१/२०२५, गुरुवार, दुपारी ३.१० वा.

मी, प्रमिलाबाई सुपडू बाविस्कर, वय ५६ वर्षे, धंदा कापसाच्या जिनिंग कारखान्यावर राखण व झाडलोट, राहणार प्रेमराज शेठ यांच्या जिनिंगच्या आवारातील खोली, एरंडोल रस्ता, धरणगाव, जि. जळगाव. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

माझे पती सुपडू हे सदर जिनिंगवर एकोणीस वर्षे राखणदार होते. ते दि. ११/०२/२०२३ रोजी हृदयविकाराने वारले. मला मूलबाळ नाही. त्यांच्यामागे राखणीचे काम मी व जिनिंगचा कुत्रा असे दोघे पाहतो.

सदर कुत्रा नर असून वय नऊ वर्षे, रंग फिकट तांबूस, तोंड काळे आहे. वजन अठ्ठावन्न किलो आहे. ते कापसाच्या काट्यावर केले होते. जात बुलमास्टिफ, असे लशीच्या कार्डावर लिहिले आहे. ते कार्ड मी सोबत आणले आहे. कार्डावर त्याचे नाव टायसन आहे, ते शेठच्या मुलीने ठेवले. माझे पती त्याला नाना म्हणत. गाल लोंबलेले, कपाळाला आठ्या, आणि कोणी काही बोलले की मान वाकडी करून ऐकणार, म्हणून नाना. जिनिंगवरचे सर्व लोक नानाच म्हणतात. या जबाबात नाना म्हणजे कुत्रा समजावा.

जिनिंगचे मॅनेजर पितांबर यांनी काल दि. ०८ रोजी सकाळी ठाण्यात अर्ज दिला आहे. नाना पिसाळला आहे, विनाकारण माणसाला चावला, मजूर कामावर यायला भितात, तरी त्याचा बंदोबस्त व्हावा, असा त्यातील मजकूर मला आत्ता वाचून दाखवला. मजूर भितात हे खरे आहे. बाकी खरे नाही. नाना पिसाळलेला नाही. तापटही नाही. त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मला हे सात महिन्यांपासून माहीत होते आणि मी ते कोणाला सांगितले नाही.

विचारल्यावरून सांगते की, जून महिन्यात नाना पाण्याच्या घमेल्यात पाय घालू लागला. प्रेसजवळची कापसाची गासडी कोणी हलवली की तिच्यावर जाऊन आदळे. मग जणू तिथेच थांबायचे होते असे दाखवून बसून राही. मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या ज्योती मॅडमना घेऊन आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले व सांगितले की, नजर परत येणार नाही. दुखत काही नाही. या जातीला नऊ वर्षे म्हणजे म्हातारपण. आवारातल्या वस्तूंच्या जागा बदलू नका. अंगाला हात लावण्याआधी आवाज द्या. आणि जिनिंगवर सगळ्यांना सांगून ठेवा. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या.

तिसरी का केली नाही असे विचारले. पती वारल्यावर शेठ मला म्हणाले होते, "बाई, कुत्रा तुमचं ऐकतो ना? मग राखण चालू ठेवा, खोलीत राहा." न दिसणाऱ्या कुत्र्याला राखणीवर कोण ठेवील? खोलीसाठी लपवले का, असे ठाणे अंमलदार साहेबांनी विचारले. सुरुवातीला खोलीसाठीच लपवले. नंतरचे मला नीट सांगता येणार नाही.

तेव्हापासून फेरी मारताना मी त्याचा पट्टा हातात धरून चालत असे. लोक म्हणायचे, कुत्रा फार तापट झाला, बाईला धरून फिरवावा लागतो. मी त्यांना तसे समजू दिले. मी कुठे आहे ते त्याला कळावे म्हणून काम करताना मी सारखी बोलत असे. आज भाजी काय केली, कोणाची गाडी आली, असे काहीही. बाया म्हणायच्या, "सुपडूभाऊ गयात तशी अक्का येडी व्हयनी." नवरा गेल्यावर मला वेड लागले, हेही मी खोडले नाही.

पती जिवंत असताना मी नानाला भीत असे. तो मोकळा असला की मी खोलीबाहेर पाय टाकत नसे. पती सांगत, ही जात भुंकत नाही, धावून जात नाही. मध्ये येऊन उभी राहते. चोर आलाच तर त्याला पाडून धरून ठेवते, फाडत नाही. तिला काठी दाखवायची नाही. काठी खाल्लेला कुत्रा काठी विसरत नाही, हळू बोललेला शब्दही विसरत नाही. मी ऐकत असे, पण विश्वास बसत नसे. पती गेल्यावर नाना खोलीच्या दारासमोर पडून राहिला. मजुरांनी टाकलेले काही खाल्ले नाही. पाचव्या दिवशी मी स्वतः भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली व मागे सरले. तो खाईना. माझ्याकडे पाहत राहिला. तेव्हा त्याला दिसत होते. पती जेवण ठेवल्यावर त्याला काहीतरी म्हणत व मगच तो खात असे. काय म्हणत ते मला माहीत नव्हते. मी म्हटले, "जेव, नाना." तो जेवला. मीही त्या दिवशी जेवले.

घटनेबाबत सांगते की, मंगळवार दि. ०७ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास एक मोटर बंद पडली म्हणून उजैर नूर महंमद पिंजारी, वय २६, धंदा इलेक्ट्रिशियन, यास बोलावले होते. तो नेहमी येतो. त्याचे वडील नूर महंमद हे गादीवाले असून जिनिंगवरून गाद्यांसाठी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, नेतात. उजैर लहान असल्यापासून मी त्याला ओळखते. नानाही त्याला ओळखतो. काम झाले की उजैर नानाच्या कपाळाच्या आठ्या दोन्ही हातांनी वर करतो आणि म्हणतो, "नाना, हस ना." नाना हसत नाही, पण तसाच बसून राहतो.

त्या दिवशी मोटर दुरुस्त होऊन सरकी काढणारी जिन पुन्हा सुरू झाली. तिचा आवाज इतका असतो की जवळ उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. नाना भिंतीकडेला बारदानावर झोपलेला होता. मी सरकीच्या ढिगाजवळ झाडत होते. अंतर अंदाजे वीस पावले. उजैर मागून आला, वाकला व नेहमीप्रमाणे नानाच्या कपाळावर हात ठेवला. नानाला पाऊल ऐकू आले नव्हते. तो दचकून उठला आणि त्याने उजैरचा उजवा हात कोपराखाली तोंडात धरला.

उजैर ओरडला. मी झाडू टाकून धावले व मोठ्याने म्हटले, "नाना, सोड." त्याने लगेच सोडला. पितांबरभाऊ पत्र्याच्या शेडमधून पहार घेऊन आले. मी मध्ये उभी राहिले. नाना माझ्या मागे येऊन भिंतीला टेकला आणि त्याचे पाय थरथरत होते. एवढा मोठा जीव थरथरताना मी आधी पाहिला नव्हता.

उजैरला मजुरांनी ग्रामीण रुग्णालयात नेले. दाताच्या चार खुणा आहेत, मांस फाटलेले नाही, असे डॉक्टरांच्या कागदावर आहे. त्याला इंजेक्शने चालू केली असून कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवण्यास सांगितले आहे. उजैरला पंधरा दिवस उजव्या हाताने काम करता येणार नाही. हातावरच त्याचे पोट आहे. हे माझ्यामुळे झाले.

त्याच दिवशी पितांबरभाऊंनी जळगावला शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, "माणसाला चावला म्हणजे संपलं. शनिवारी डॉक्टर बोलवा आणि शांत करून टाका." फोन मोठ्या आवाजावर होता. मी तिथेच होते. मी त्या वेळीही काही बोलले नाही.

बुधवारी सकाळी दहा वाजता नूर महंमद आले. मला वाटले भांडायला आले. ते फाटकाबाहेरच उभे राहिले व मोठ्याने म्हणाले, "अक्का, मी नूर महंमद. आत येतो." नानाने कान त्यांच्याकडे केले. मग ते आत आले, माझ्यासमोर खाली बसले व म्हणाले, "एक बात विचारतो, खरं सांग. तुना नानाले दिसत नही ना?"

मी म्हटले, "तुम्हाले कोणी सांगितलं?"

ते म्हणाले, "उजैरनी. तो म्हणे, अब्बा, नाना मन्हाकडे पाही राहना व्हता, पण त्यानी माले पाह्यंच नही. रातभर तो हाताचं नाही बोलला, हेच बोलत होता."

मी म्हटले, "हो. आंधया शे. जूनपासून."

 ते म्हणाले, "सांगायला पाहिजे होतं, अक्का. माझ्या पोराने लांबून आवाज दिला असता. हात बी राहता आणि कुत्रा बी."   त्यांनी तक्रार करणार नाही असे सांगितले. पण म्हणाले, "आता बठ्ठं, सगळं सांगी टाक. शेठलेबी, पोलीसलेबी."

दुपारी शेठ जळगावहून आले. मी त्यांना आवारात उभे राहून, पितांबरभाऊ व मजुरांच्या देखत, सर्व सांगितले. शेठ रागावले नाहीत. त्यांनी हाक मारली, "टायसन." नाना उठला व आवाजाच्या रोखाने चालत निघाला. तो जवळ पोचण्याआधी शेठ पायाचा आवाज न करता दोन पावले बाजूला सरकले. नाना ते आधी उभे होते त्या रिकाम्या जागेसमोर येऊन थांबला, मान वर केली आणि शेपूट हलवत राहिला. सगळे पाहत होते. मजुरांतले कोणीतरी "अरे देवा" म्हणाले. शेठ म्हणाले, "इकडे आहे मी, बाळा." मग नाना वळला. शेठनी त्याच्या मानेवर बराच वेळ हात ठेवला व पितांबरभाऊंना सांगितले, "शनिवारच्या डॉक्टरला नको म्हणा."

खोलीबाबत शेठ काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

पितांबरभाऊंचा अर्ज मात्र ठाण्यात आहे आणि तो नानाच्या नावावर आहे. म्हणून मी आले. नानाने मला काही लपवायला सांगितले नव्हते. निष्काळजीपणाचा गुन्हा होत असेल तर तो माझ्यावर लिहावा. पितांबरभाऊंबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना जे दिसले ते त्यांनी लिहिले.

मला ठाण्यात ठेवून घ्यायचे असल्यास माझी विनंती आहे की, पुढील मजकूर नोंदवून तो जिनिंगवर कळवावा. नानाला दोन वेळ जेवण द्यावे, सगळे एकदम देऊ नये. जेवल्यावर तासभर चालवू नये, या जातीच्या पोटाला पीळ पडतो आणि मग कुत्रा हाती लागत नाही. भाकरी मऊ करून द्यावी, दोन अंडी उकडून, मीठ अजिबात नको. तोंडाच्या घड्या ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात, नाहीतर आत चिघळते. तो लाळ गाळतो, त्याची किळस करू नये. फरशीवर झोपू देऊ नये, त्याच्या कोपरांना घट्टे आहेत, बारदान चारपदरी घालावे. उन्हाळ्यात ते भिजवून घालावे व दुपारी त्याला बाहेर काढू नये. पाण्याचे घमेले खोलीच्या उंबऱ्याच्या उजव्या अंगाला आहे, ते तिथेच राहू द्यावे. फटाके वाजले तर जवळ बसावे. काही बोलायला सुचले नाही तरी बोलावे. त्याला अर्थ लागत नाही, आवाज लागतो.

ठाणे अंमलदार साहेबांनी मला सांगितले की, सध्या अटकेचा प्रश्न नाही. कुत्रा डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावा, फाटकावर सूचना लावावी व बोलावल्यास हजर राहावे. ते मला मान्य आहे. फाटकावर काय लिहावे असे मी विचारले. साहेब म्हणाले, "कुत्र्यापासून सावध." मी म्हटले, त्यापेक्षा "आधी आवाज द्या" असे लिहिले तर चालेल का? साहेबांनी चालेल म्हणून सांगितले.

शेवटी मला विचारले की, तुम्ही दोन तासांपासून इथे आहात, तर सदर कुत्र्याजवळ या वेळी कोण आहे. सांगते की, उजैर आहे. मी ठाण्यात निघाले तेव्हा तो पट्टीचा हात गळ्यातल्या झोळीत घेऊन आपण होऊन आला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जा तुम्ही अक्का, मी बसतो." तो नानापासून चार हातांवर खाली बसला व मला म्हणाला, "काय बोलू?" मी म्हटले, काहीही बोल. मग त्याने परवा बिघडलेली मोटर कशी उघडली, आत कोणती तार जळाली होती, ते नानाला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी फाटकातून वळून पाहिले तेव्हा नाना उठून त्याच्याजवळ गेला होता आणि त्याच्या हातावरची पट्टी हुंगत होता. उजैरने हात मागे घेतला नव्हता.

माझा जबाब संगणकावर टंकलेखन करून मला सावकाश, जिथे समजले नाही तिथे अहिराणीत सांगून, ऐकवला. सर्व मी बोलले तसेच आहे. एका ठिकाणी "सदर जनावर" असे आले होते, ते माझ्या सांगण्यावरून बदलून "नाना" केले आहे.

सही
(प्रमिलाबाई सुपडू बाविस्कर)