खलनायकाचा पाय

ऐका हो ऐका, बायांनो पोरं मांडीवर घ्या, म्हाताऱ्यांनो आधीच खोकून घ्या, बातमी फार गंभीर हाय: करावे गावच्या जत्रेतल्या नाटकाचा कायमचा खलनायक, म्हंजे हा जनार्दन, ह्याचा उजवा पाय गुडघ्याखाली हयात नाय. रडायचं त्यांनी रडून घेतलं, चहा पन झाला.

मी इथलाच, करावे गावचा. बाप खाडीत मासे मारायचा. शेत होतं त्यावर आता टॉवर हायत, त्यातल्याच एका सोसायटीत मी पान्याचे पंप चालवायचो, म्हंजे आपल्याच बांधावर नोकर. पन खाडी सुटली नाय, सुट्टीला मी आनि दादूस, माझा मोठा भाऊ, होडी काढायचो. आनि जत्रेला नाटक. काय सांगू तुमाला, दुसरे खलनायक गोळी लागली की पडतात. मी नाय पडत. मी खांबाला मिठी मारतो, आईला हाक मारतो, पडतो, उठतो, नायिकेची माफी मागतो, परत पडतो. दादूस पुढच्या खुर्चीतून ओरडायचा, मर की रे आता, लोकांना जेवायचंय! ह्या कलेनंच माझा पाय खाल्ला.

झालं असं, जाळं होडीत रिकामं केलं आनि मी अनवानी, पाय पडला शिंगाळ्यावर. मिशावाला मासा, पाठीवर ताठ काटा. काटा टाचेजवळ घुसला. आमच्यात शिंगाळ्याला औषध ठरलेलं, आधी गरम पानी, मग चुना-हळद थापायची आनि फडकं आवळून बांधायचं, दुखनं उतरेपर्यंत सोडायचं नाय. गरम पान्यानं बरं वाटलं पन. संध्याकाळी ताप भरला, आनि सकाळी जे दुखायला लागलं, देवा, जसा कोनी पायातलं मांस पिळून काढतोय. मी बोंबललो. बायको सुगंधा बोलली, आवाज हळू, शेजारी बघतात. दादूस आला, हसला, बोलला, अरे जत्रेला टाइम हाय, आत्तापासून प्रॅक्टिस? मी शपथा घातल्या. तो बोलला, नाटकात पन घालतोस.

फडकं तसंच, कोनी सोडलं नाय. नाक्यावरच्या डॉक्टरनं पन वरूनच बघितलं, थोडी सूज हाय बोलला, दुखायची सुई मारली. मला शुगर हाय हे त्यानं विचारलं नाय, मी सांगितलं नाय, बोंबलनाऱ्याला कुठलं सुचतंय. दुपारी तळपायाकडचं दुखायचं थांबलं. दादूस खूश, बघ, चुना लागू पडला! मला पन वाटलं सुटलो. सुगंधानं नवा चुना लावायला फडकं सोडलं. पाय जांभळा, वर फोड, आतून काळं पानी. बोट लावलं तर मला कळेना.

मोठ्या हॉस्पिटलात सर्जन बाई होत्या, बारीक चणीच्या. त्यांनी पायावर चढत चाललेल्या लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारली. रक्ताच्या बाटल्या लॅबला जाऊन येईपर्यंत लाली रेघेच्या वर. बाईंनी विचारलं, सुरुवातीला दिसत होतं त्यापेक्षा खूप जास्त दुखत होतं का? काय सांगू तुमाला, पहिल्यांदा कोनीतरी विचारलं! मी रडलोच. दादूस मधे बोलला, मॅडम, हा नाटकात काम करतो. बाई बोलल्या, वरून थोडं आणि दुखणं अफाट, हेच तर ह्या रोगाचं पहिलं लक्षण. खाडीतले जंतू काट्यातून आत गेलेत, शुगरमुळे अंगाला लढता येत नाही, ते कातडीखालून पळतायत. आणि दुखायचं थांबलं ते बरं झालं म्हणून नाही, तिथल्या नसा मेल्या म्हणून.

दादूस ऑपरेशनच्या सहीला तयार नाय. गुडघा चांगला दिसतो, कापाकापी कशाला, औषधं द्या. बाईंनी त्याच्यासमोरच छोटी चीर दिली, बोट आत घातलं. रक्त नाय. टोपलीखाली मासळीचं पानी साचतं तसं पानी आलं, आनि मांस बोटानं सुटत गेलं, शिजलेल्या माशासारखं. नुसत्या औषधानं हा जगणार नाही, बाई बोलल्या, औषध रक्तातून जातं, इथं रक्तच पोचत नाही. सही सुगंधानं केली.

मेलेलं कापलं, परत आत नेलं, परत कापलं, शेवटी गुडघ्याखाली पायच काढला. सलाइनमधून औषधं, शुगरच्या सुया, उरलेल्या जखमेवर मांडीची कातडी. बाईंना मी विचारलं, सकाळी आलो असतो तर? त्या बोलल्या, कदाचित पाय वाचला असता.

आता जयपूर फूट हाय, पंपाची नोकरी नाय. दादूस रोज येतो, मासळी आनतो, पायाकडं बघत नाय. मी त्याला माफ केलं का? लोकांसमोर केलं. देव त्याला सुखी ठेवो, त्याच्या टाचेत काटा न जावो, आनि गेलाच तर मला मिळाला तसा भाऊ त्याला न मिळो.

ह्या जत्रेला मला राजा केला, म्हंजे सगळं बसूनच. विष पितो आनि मरतो. मी सिंहासनाला मिठी मारली, आईला हाक मारली, मान टाकली, परत उचलली, एवढं झकास मरन जन्मात कधी केलं नव्हतं, कुठं काय दुखत नव्हतं. आनि पुढच्या खुर्चीतून दादूस ताडकन उठला, खुर्ची पाडली, भर मंडपात ओरडला: पडदा टाका रे, गाडी काढा, त्याला खरंच दुखतंय!