छातीतलं दुधाळ पाणी

हॅलो?... कोण, यशोदाताई? अगो, मी विमलाच... हो, हो, घरूनच बोलतेय, मांद्र्याहून! सकाळीच सोडलं ह्यांना हॉस्पिटलातून.

...नळी? काढली! छातीतली नळी काढली... नाही गे, ऑपरेशन झालंच नाही!

...काय? ऐकू येत नाही? थांब, बाहेर बाल्कांवात येते... आता?

...कॅन्सर? कोण म्हणालं? सगुणभावोजी? त्यांना म्हणावं, कसला कॅन्सर न् कसलं काय. गोठलेल्या रक्ताची गाठ होती ती!

...छातीत नव्हे गे. मानेखाली, डाव्या बाजूच्या शिरेत. पेसमेकर बसवलाय ना ह्यांना, त्याची वायर त्याच शिरेतून जाते. तिथं रक्त गोठून बसलं.

...मग छातीत पाणी कसं? अगो, मीही हेच विचारलं डॉक्टर मॅडमना... ऐक ना. रक्ताच्या शिरा असतात ना, तशा अंगात आणखी बारीक नळ्या असतात. लसिकेच्या... लसिका गे, लसिका! अंगात झिरपलेलं पाणी त्या गोळा करतात. आपण खातो ते तेल, तूप, खोबरं, तेही त्यांतूनच जातं. आणि बहुतेक सगळं जाऊन मिळतं कुठं? त्याच डाव्या शिरेत! तिथं गाठ अडली... मग जाणार कुठं? तुंबलं, फुटलं, छातीत उतरलं.

...हो, म्हणून तर दुधासारखं पांढरं! नळीखालच्या बाटलीत बघितलं न् मला वाटलं, दूधच ओतलंय कोणी.

...हात? हो, डावा हातही सुजलेला. मॅडमनी तो बघितला न् लगेच मानेची सोनोग्राफी करायला लावली.

...उपाय? रक्त पातळ करायचं औषध. आणि जेवणात तेलाचा थेंब नाही, खोबरं नाही... हसतेस काय! बिनखोबऱ्याची आमटी! एकदा ताटच सरकवलं ह्यांनी. "विमला, यापेक्षा कापा मला." मी म्हटलं, "जेवा. मला तुम्ही घरी हवे आहात."... रडले गे. मग जेवले. पेज न् खारातली कैरी.

...हो ना, पाणी थांबेना म्हणून गुरुवारी ऑपरेशन ठरलेलंच. बुधवारी सकाळी बाटलीकडे बघते तर... पांढरं नाहीच! पिवळसर, नितळ! नर्सला हाक मारली, ती मॅडमना बोलवायला धावली. मॅडम आल्या, परत सोनोग्राफी केली, म्हणाल्या, "शीर मोकळी होतेय. लसिकेला वाट मिळाली." मी मिठीच मारली त्यांना, भर वॉर्डात!

...औषध चालूच राहणार. खोबरंही हळूहळूच... हो, हो, ये ना रविवारी...

अगो, गप्प! ऐकलंस?... हेच ते! चार शब्द बोलले तरी धाप लागायची, न् आता फाटकावर उभे राहून नुस्तेवालीशी वाद घालतायत! बांगडे ताजे नाहीत म्हणे!... नाही गे, कोणी धरलेलं नाही, एकटे चालत गेले!

...रडू नको ताई, मलाही रडवशील... ठेवते, ठेवते. अहो! बांगडे नकोत, तेलकट असतात! मुडदुशा घ्या... भरपूर घ्या!